प्रवेश मिळाला, राहायचं कुठं?

जून उजाडला की सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ इथले विजेचे खांब कागदांनी भरून जातात. ‘कॉट बेसिसवर मुले ठेवणे आहे’, ‘फक्त विद्यार्थिनींसाठी’, ‘घरगुती मेस, रविवारी फीस्ट’. कागदाच्या खालच्या कडेला कात्रीने पट्ट्या पाडलेल्या असतात, प्रत्येकीवर तोच मोबाईल नंबर. पोरं पट्टी फाडून खिशात घालतात आणि पुढच्या खांबाकडे जातात. सोबत बहुतेक वेळा वडील असतात, हातात कापडी पिशवी, आणि त्यांची नजर कागदावर भाड्याचा आकडा शोधत असते. तो आकडा लिहिलेला नसतो.

मी पुण्यातल्या एका पदवी महाविद्यालयात शिकवतो. पंचवीस वर्षांपूर्वी भूम तालुक्यातून येऊन अशीच एक पट्टी फाडून मी या शहरात राहायला लागलो. त्यामुळे या विषयावर मी तटस्थपणे लिहू शकत नाही आणि तसा प्रयत्नही करणार नाही.

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात परभणीकडचा एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसायचा, पण प्रश्न नेमका विचारायचा. बारावीला चांगले गुण, प्रवेश गुणवत्ता यादीतून, फी शिष्यवृत्तीत बसलेली. कागदोपत्री पाहिलं तर त्याच्या वाटेतला प्रत्येक अडथळा दूर झालेला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. मी महिनाभर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करत राहिलो आणि मग कधीतरी फोन केला. तो म्हणाला, “सर, मेसचे दोन महिने थकले होते. रूमवाल्या काकांनी पण सामान उचलायला सांगितलं. आता सोयाबीनचं काय होतंय बघतो, पुढच्या वर्षी येतो.” पुढच्या वर्षी तो आला नाही. तो महिना मी वाया घालवला, हे मला अजून टोचतं. दिवाळीआधीच विचारलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं.

आमच्या नोंदीत त्याने शिक्षण मधेच सोडलं, एवढंच आहे. कारणाचा रकाना त्या तक्त्यात नाही. अभ्यास त्याला जड जात नव्हता, फीचा प्रश्न नव्हता. एका खाटेचं भाडं आणि दोन वेळचा डबा एवढ्यावर त्याची पदवी अडली.

माझं म्हणणं हेच आहे. पुण्यासारख्या शहरात उच्च शिक्षणाचा प्रश्न आधी वसतिगृहाचा प्रश्न आहे. आरक्षण, फी, प्रवेश परीक्षा यांवर आपण हिरिरीने भांडतो, आणि भांडलंच पाहिजे. पण प्रवेशाची यादी लागली की आपली सगळी चर्चा संपते. ज्याच्या घरचं कुणी या शहरात राहत नाही अशा मुलाचा झगडा त्या दिवशी सुरू होतो. तो झगडा आपण त्याची खासगी अडचण मानतो. ती खासगी अडचण आहे, हे मला मान्य नाही.

ज्यांनी कॉट बेसिसची खोली आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. दहा बाय बाराची खोली, चार लोखंडी खाटा, कधी पाच. खाटेखाली पेटी, त्यात कपडे, पुस्तकं आणि घरून आलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. उशाशी भिंतीत एक खिळा. टॉवेल, शर्ट, पँट सगळं त्या एका खिळ्याला. चार्जिंगसाठी एकच बोर्ड, त्यामुळे कुणाचा फोन आधी यावरून रोजची कुरबुर. जुन्या वाड्यांत संडास-बाथरूम जिन्याखाली, तीन खोल्यांत मिळून एक. सकाळी सहाला नंबर लावला तर साडेसातच्या तासाला पोचता येतं. भाडं खाटेवर, लाईट बिल वेगळं, डिपॉझिट वेगळं, एजंट मधे असेल तर त्याचे वेगळे. पावती कुणी देत नाही. चौघांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा चार, म्हणून खोलीत अभ्यास होत नाही. मग अभ्यासिका लावायची. तिथे महिन्याचे पैसे भरले की एक खुर्ची, समोर प्लायवूडचा आडोसा आणि एक दिवा मिळतो. म्हणजे झोपायची जागा एकीकडे विकत घ्यायची आणि वाचायची जागा दुसरीकडे.

मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ. गावी जायचं तर आधी सांगून खाडे लावायचे; दोन-तीन दिवस गेलात तर खाडे धरत नाहीत, सलग अमुक दिवस असतील तरच धरतात. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. रविवारी संध्याकाळी पेठांमधल्या वडापावच्या गाड्यांभोवती जी गर्दी दिसते त्यातली निम्मी मुलं हौसेने आलेली नसतात. एक डबा लावायचा आणि दोघांनी खायचा, ही युक्ती माझ्या वेळीही होती आणि आजही आहे. दुसऱ्या वर्षाला असताना मी आणि माझ्या रूम पार्टनरने सहा महिने तसे काढले. चार पोळ्या असायच्या, दोघांना दोन-दोन. भात ज्याचा दुसऱ्या दिवशी पेपर असेल त्याला. त्या दिवसांचा मला अभिमान वाटत नाही. अर्धपोटी राहून शिकणं ही कौतुकाची गोष्ट नव्हे, आणि त्यातून गेलेल्या माझ्या पिढीने “आम्हीपण काढलेत असे दिवस” असं म्हणून पुढच्या पोरांना गप्प बसवू नये. आम्ही जे टिकलो तेवढेच आज हे सांगायला उरलो आहोत. जे परत गेले त्यांना व्यासपीठावर कुणी बोलावत नाही.

शासन काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. राहण्या-खाण्याचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर द्यावेत हा त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो. पण हिशेब मांडून पाहा. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाचे ६०,००० रुपये ठरले. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. निवासाचे २०,००० बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला १,६६६ रुपये येतात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही पेठांत या पैशात खाट मिळालेली नाही. भोजनाचे ३२,००० वर्षाच्या ३६५ दिवसांवर वाटले तर दिवसाला ८८ रुपयेसुद्धा भरत नाहीत, आणि त्यात सकाळचा चहा-पोहे आणि दोन वेळचं जेवण बसवायचं आहे.

त्याहून मोठी अडचण क्रमाची आहे. अर्ज करायला आधी प्रवेश हवा, राहत असल्याचा पुरावा हवा, हजेरी हवी. म्हणजे खोली आधी घ्यायची आणि पैसे मागाहून येणार. घरमालक मात्र एक तारखेलाच दारात उभा राहतो. ज्याच्या घरी चार-सहा महिने कळ काढण्याइतका पैसा आहे त्याला हा भत्ता नक्की उपयोगी पडतो. ज्याच्या घरी तेवढाही नाही त्याने सावकाराकडून, मामाकडून किंवा बचत गटातून उचल घ्यायची. ज्याची गरज सगळ्यात मोठी त्याच्यापर्यंत मदत सगळ्यात उशिरा पोचते, असा हा क्रम आहे, आणि तो बदलता येण्यासारखा आहे.

मला सगळ्यात जास्त खंत याची वाटते, की ही गोष्ट महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी नीट समजलेली होती. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे त्या शहरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील असं बोर्डिंग काढलं. या मुलांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. या माणसांनी कामाची सुरुवात वर्गखोल्यांपासून न करता बोर्डिंगपासून का केली असेल? शाळा शहरात होत्याच. पण खेड्यातल्या पोराला त्या शहरात रात्री पाठ टेकायला जागा नव्हती, कुणी खोली देत नव्हतं, जात आडवी येत होती आणि खिशात काही नव्हतं. शिक्षणाचं दार कुठे अडतं हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पुण्यालाही हे ठाऊक नव्हतं असं नाही. वार लावून जेवणं आणि माधुकरी मागणं ही या शहराची जुनी रीत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं करत गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या इथे शिकल्या. त्यात कष्ट होते, पुष्कळदा अपमानही होता, हे मी नाकारत नाही. पण ती व्यवस्था होती, आणि ती जातीच्या उंबऱ्याआड होती. ज्या घरात एकाला वार मिळत होता त्याच घराच्या ओसरीवर दुसऱ्याला पाण्याचा पेलाही मिळाला नसता. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली आणि खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींसाठी पुण्यात वसतिगृहं उभी केली. ती आजही चालू आहेत आणि तिथून बाहेर पडलेली माणसं मी पाहिली आहेत. विद्यापीठाची कमवा व शिका योजना आहे, तिच्यामागे कर्मवीरांचीच प्रेरणा आहे. पण शहरात येणाऱ्या मुलांच्या लोंढ्यापुढे अशा कामांची ताकद तोकडी पडते. कॉलेजांच्या तुकड्या वाढत गेल्या, खासगी विद्यापीठं आली, अभ्यासक्रम वाढले. त्या मानाने परवडणाऱ्या खाटा वाढल्या नाहीत आणि ती सगळी जबाबदारी वाड्यांच्या मालकांवर आणि एजंटांवर सोडून दिली गेली.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी स्पष्ट मांडलं होतं. परभणीचा तो शेतकरी आजही डिझेलवर कर भरतो, खताच्या पोत्यावर भरतो. त्या पैशातून चालणाऱ्या कॉलेजात त्याच्या मुलाचं नाव लागतं. मुलगा मात्र तिथे टिकत नाही.

आता गुणवत्तेबद्दल. स्टाफरूममध्ये आणि घरांतून नेहमी ऐकू येतं, की ज्याच्यात धमक असते तो कुठूनही वर येतो. माझ्या एकाच वर्गातले दोन विद्यार्थी डोळ्यांसमोर आणतो. एक कोथरूडचा. सकाळी आईने केलेला नाश्ता, स्कूटरवर वीस मिनिटं, संध्याकाळी क्लास, रात्री स्वतःच्या टेबलावर अभ्यास. दुसरा बीडकडचा. सकाळी कॉलेज, आणि संध्याकाळी सहा ते रात्री बारा पाठीवर चौकोनी बॅग लावून लोकांच्या दारी जेवणाची पार्सलं पोचवतो. रोजचे सहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस, वर्षाचे दहा महिने. बेरीज होते १,५०० तासांची. सकाळच्या तासाला त्याचा डोळा लागला तर मी आता त्याला उठवत नाही. गुणपत्रिकेवर दोघांचे गुण शेजारी शेजारी छापले जातात. त्या १,५०० तासांची नोंद तिच्यात कुठेच नसते. दोघांना सारखेच गुण पडले तर कुणाची कमाई मोठी, हे सांगायला गणित लागत नाही, पण आपली कुठलीही निवड समिती हा प्रश्न विचारत नाही.

मुलींच्या बाबतीत हे सगळं आणखी अवघड होतं. २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींची फी शंभर टक्के माफ. हा निर्णय चांगला आहे, मी त्याचं मनापासून स्वागत केलं. त्याच वर्षी नात्यातल्या एका मुलीला पुण्यात इंजिनीअरिंगला जागा लागली. यादी लागल्यावर मी पेढे घेऊन गेलो. तिचे वडील म्हणाले, “फीचं नाही हो काही, पण पोरगी राहणार कुठं?” पोराला वाड्यातली खाट चालते, गावातल्या ओळखीच्या चौघांत तो राहतो. पोरीसाठी घरचे लोक फाटक, वॉर्डन, येण्याजाण्याच्या वेळा, जवळचा बसस्टॉप असं सगळं बघतात. त्यांची काळजी खोटी नसते आणि अशा जागेचं भाडं दुप्पट असतं. कॉलेजच्या वसतिगृहात तिचा नंबर लागला नाही. तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ला नाव घातलं. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं. शासनाने फी माफ केली होती ती जागा तिच्यासाठी रिकामीच राहिली. मुलींच्या शिक्षणावर बोलताना मला दर वेळी ते न वाटलेले पेढे आठवतात.

तरीही जे टिकतात, पदवी घेतात, त्यांच्यापुढे नोकरीच्या दारात पुन्हा तोच हिशेब येतो. कॅम्पसला येणाऱ्या कित्येक कंपन्यांची पहिली अट असते: दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे किमान साठ टक्के, शिक्षणात खंड नको, विषय राहिलेला नको. मुलं त्याला ‘साठ-साठ-साठ’ म्हणतात. अर्ज हजारोंनी येतात, म्हणून कंपनीला एक चाळणी लागते, हे समजू शकतं. पण ती चाळणी काय गाळते ते बघायला हवं. गणिताचा शिक्षक वर्षभर नसलेल्या शाळेत दहावीला अठ्ठावन्न टक्के मिळवलेला मुलगा पदवीला पंच्याहत्तर टक्क्यांवर पोचला, तर त्याने केवढी मजल मारली! आणि नेमका तोच पहिल्या फेरीत बाहेर पडतो. शिक्षणातला खंड म्हणजे बहुतेकदा बापाचं आजारपण किंवा न पडलेला पाऊस. पंधराव्या वर्षी गावच्या शाळेने जे दिलं नाही त्याची वजाबाकी बावीसाव्या वर्षीही चालूच राहते.

इंटर्नशिपचंही तसंच. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षाला ओजेटी आली, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण, चार क्रेडिटचं. कल्पना उत्तम आहे. व्यवहारात काय होतं? ज्याचे काका कंपनीत आहेत त्याला पत्र लगेच मिळतं. ज्याचं कुणी नाही तो ऑफिसांचे उंबरे झिजवतो, आणि जागा मिळाली तर ती बिनपगारी असते. बिनपगारी काम करायचं तर संध्याकाळची कमाई सोडावी लागते, म्हणजे मेस सुटते. माझा एक विद्यार्थी तीन वर्षं पेट्रोल पंपावर रात्रपाळी करत होता. रोजची कॅश मोजणं, शिफ्टचा हिशेब जुळवणं, भांडणारं गिऱ्हाईक शांत करणं, हे सगळं तो करत होता. आम्ही त्याला वर्गात जे शिकवत होतो त्याच्या कितीतरी पुढचं वाणिज्य त्याला येत होतं. ते काम क्रेडिटमध्ये धरता येईल का, असं मी विचारलं तेव्हा ‘चौकटीत बसत नाही’ असं उत्तर मिळालं. चौकट बदलायला हवी, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

इंग्रजीबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. ताळेबंद तोंडपाठ असलेली मुलगी ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ला अडखळते आणि पुढचे प्रश्न तिच्यापर्यंत येतच नाहीत.

मग लोक विचारतात, ही पोरं सहा-सहा वर्षं शास्त्री रोडवर एमपीएससी करत का बसतात? मला त्यांचं पूर्ण समर्थन करायचं नाही. दोन-तीन प्रयत्नांनंतर थांबून दुसरं काही बघा, हे मी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगतो, आणि स्वप्नांचे फ्लेक्स लावून क्लास चालवणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग आहे. पण आधीच्या परिच्छेदांत जी दारं सांगितली ती एकामागून एक बंद झाल्यावर एक दार असं उरतं, जिथे निदान पहिल्या पेपरला कुणी ओळख विचारत नाही, दहावीचे टक्के विचारत नाही. ओएमआर शीटवर फक्त बैठक क्रमांक असतो. त्या दारापुढे रांग लागली तर दोष एकट्या रांगेतल्या माणसांचा कसा?

आणि त्या रांगेत उभं राहण्याचाही रोजचा खर्च आहे. मार्च २०२१ मध्ये १४ तारखेची एमपीएससीची पूर्व परीक्षा अवघी तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा नवी पेठेत मुलं रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची आणि बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हाही ती शास्त्री रोडवर रात्रभर बसली. टीव्हीवर पाहणाऱ्यांना वाटलं, एवढं काय, परीक्षाच तर पुढे जाते. वेळापत्रकातला एक महिना म्हणजे एका खाटेचं, एका मेसचं, एका अभ्यासिकेचं आणखी एक महिन्याचं बिल. ते गावाकडून येतं, आणि बहुतेक घरांत ते धाकट्या भावंडाच्या वाट्यातून येतं.

‘पुण्यातच कशाला यायचं, आपल्या जिल्ह्यात शिका’ असं सांगणारे भेटतात. जिल्ह्यांतली कॉलेजं चांगली व्हावीत, हे मलाही हवं आहे; माझ्या तालुक्यात चांगलं कॉलेज असतं तर मी कशाला एका डब्यावर सहा महिने काढले असते? पण तिथे वर्षानुवर्षं पदं भरली जात नाहीत, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात मोटारसायकलवर धावत असतात. ते बदलेपर्यंत मुलं थांबणार नाहीत. उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या आकड्यांनुसार देशात १८ ते २३ या वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातल्या नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के होतं. अनुसूचित जातींत २५.९, अनुसूचित जमातींत २१.२. राष्ट्रीय धोरणाला २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर न्यायचं आहे. आजवर बाहेर राहिलेली ही मुलं येणार कुठून? ज्या घरांचं शहरात नातेवाइकाकडे अंथरूण टाकण्याइतकंही कुणी नाही, अशाच घरांतून. म्हणून कॉलेजला नवी तुकडी किंवा नवा अभ्यासक्रम मंजूर करताना प्रयोगशाळा किती, शिक्षक किती हे जसं विचारतात तसं खाटा किती आणि त्यांचं भाडं काय, हेही विचारलं पाहिजे. खाटा नसतील तर तुकडी नको, इथपर्यंत जायची माझी तयारी आहे. भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाच्या यादीबरोबरच खात्यावर पडायला हवा आणि रक्कम दर वर्षी शहरातल्या भाड्याप्रमाणे वाढायला हवी. संध्याकाळी पाचनंतर कुलूप लागणाऱ्या महापालिकेच्या शाळा आहेत. त्यांचे वर्ग रात्री अकरापर्यंत वाचायला उघडले तर एका दिव्याच्या आणि एका वॉचमनच्या खर्चात कितीतरी मुलांचे अभ्यासिकेचे पैसे वाचतील.

आमच्या काही सहकाऱ्यांनी मिळून गेल्या दोन वर्षांपासून डब्यांचे पैसे भरायला सुरुवात केली आहे. अकरा मुलं आहेत. ती मेसवर जातात, नाव सांगतात आणि जेवतात, कुणाला काही विचारावं लागत नाही. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण अकरा हा आकडा फार लहान आहे, आणि शिक्षकांच्या पगारातून जेवणं हा काही विद्यार्थ्याचा हक्क होत नाही. बारावा येतो तेव्हा आम्हाला नाही म्हणावं लागतं.

यंदा जूनमध्ये कॉलेजातून घरी जाताना एका खांबापाशी एक वडील आणि मुलगा उभे होते. वडिलांनी मला थांबवून हातातली पट्टी पुढे केली, “ह्याच्यावर फोन लावून द्या की.” मी लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, एकच खाट शिल्लक आहे, डिपॉझिट आणि महिन्याचं भाडं मिळून इतके, टोकन पाठवलं तर संध्याकाळपर्यंत ठेवतो. मी आकडा सांगितला. वडिलांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटा काढल्या, मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि मुलाकडे वळून हळूच विचारलं, “फी माफ हाय म्हनला व्हतास न्हवं?”

मुलगा काही बोलला नाही. तो पुढच्या खांबावरचा कागद वाचत होता.